वाचक विचारतात : मसाईंच्या मुलखात, पायी

केनिया-टांझानियाच्या सफारीबद्दलची पत्रं इतकी साठली, की संपादकांनी या अंकातलं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलं. माझा संसार नैरोबीत झाला, मुलं तिथे वाढली आणि चार दिवस मोकळे मिळाले की आमची गाडी नारोकच्या, म्हणजे गुरं राखणाऱ्या मसाई लोकांच्या मुलखाच्या, रस्त्याला लागायची. त्यामुळे उत्तरांत माझी आवडनिवड डोकावणारच. ती तुम्ही गाळून घ्या.

नाशिकच्या एक वाचक लिहितात : मी ६३ वर्षांची, मिस्टर ६८. एका टूरवाल्यांनी नऊ दिवसांत नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, मसाई मारा, सेरेंगेटी, गोरोंगोरो असा कार्यक्रम पाठवलाय. त्यात ‘वॉकिंग सफारी’ आणि ‘मसाई व्हिलेज’ही आहे. चालणं आमच्या वयाला झेपेल का?

चालणं झेपेल हो. झेपणार नाही ती गाडी. कार्यक्रमाचा कागद नकाशाशेजारी ठेवून पाहा. नैरोबीहून मारा म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता. मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये सीमेचा एक दगड तेवढा आहे, पण पर्यटकाला तिथून पलीकडे जाता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून किंवा थेट नामांगाहून वळसा घालायचा, शिक्के मारून घ्यायचे, बहुतेक वेळा गाडी आणि चालकही बदलायचा. दिवस त्यातच जातो. नऊ दिवसांतले निदान चार तुम्ही खिडकीतून धूळ बघणार.

आता ‘वॉकिंग सफारी’ नेमकी कुठे, ते त्यांना विचारा. मसाई मारा राखीव क्षेत्रात गाडीतून उतरून हिंडायला परवानगी नाही. सेरेंगेटीत ठरावीक भागातच आणि वेगळ्या परवान्यानं चालता येतं. तेव्हा माझा अंदाज असा, की ते तुम्हाला नैवाशा सरोवरातल्या क्रेसेंट आयलंडवर फिरवून आणतील. त्यात वाईट काही नाही. तिथे सिंह-बिबटे नाहीत. जिराफ, झेब्रे आणि हरणांच्या मधून आरामात चालता येतं. गुडघ्यांची तक्रार असेल तर मी ते सुचवीनच. पण त्याला मसाईंच्या मुलखातलं चालणं म्हणू नका.

ते करायचं तर माराच्या राखीव क्षेत्राला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये राहा. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, ओल किन्येई ही त्यांतली काही नावं. ही जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. त्यांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्यानं दिलेत. तिथे कुंपण नाही, जनावरं राखीव क्षेत्रातून मोकळी ये-जा करतात, गाड्या मोजक्या असतात, आणि बंदूकधारी गाईडबरोबर पायी जाता येतं. सकाळी उजाडताना निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. चाल संथ असते, मुलूख बराचसा सपाट. उंची मात्र कळसूबाईच्या शिखराच्या आसपास, तेव्हा पहाटे स्वेटर लागतो आणि पहिल्या दिवशी थोडा दम लागला तर घाबरू नका. बूट घोट्याच्या वर येणारे घ्या, आणि घरी महिनाभर वापरून सैल झालेले. पावसानंतर तिथली काळी माती तळव्याला चिकटून बूट दुप्पट जड होतात. तुमच्याकडे निफाडच्या बाजूला हा अनुभव कोणालाही विचारा.

माझं ऐकाल तर अंबोसेली आणि टांझानिया दोन्ही खोडा. नैवाशाला एक रात्र, कॉन्झर्व्हन्सीत चार, राखीव क्षेत्रात एक दिवस. टूरवाले म्हणतील, मॅडम, खूप कमी होतंय. म्हणू देत.

कोल्हापूरहून : पायी चालताना सिंह समोर आला तर? गाईडकडे रायफल असते म्हणे, पण ती चालवायची वेळ येते का? मिसेस नको म्हणतात, मला जायचंय.

मिसेसना हे उत्तर वाचून दाखवा, पण सगळं दाखवा, सोयीचं तेवढं नको.

सिंहाची भीती सगळ्यात जास्त वाटते आणि तिचं कारण सगळ्यात कमी आहे. दिवसा, पायी येणारा माणूस दिसला की सिंह बहुधा उठून बाजूला होतो. गाईड ज्याला खरोखर भितात तो एकटा म्हातारा रानरेडा. कळपातून बाहेर पडलेला, झुडपात बसलेला, आणि धावून येण्याआधी सूचना न देणारा. दुसरा पाणघोडा. रात्री चरायला बाहेर पडलेला पाणघोडा सकाळी नदीकडे परतत असतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आपण असणं यासारखी वाईट जागा नाही. तिसरी पिलू असलेली हत्तीण. रायफल या तिघांसाठी असते. ती वापरावी लागली तर चूक गाईडचीच, असं चांगले गाईड मानतात. त्यांचं सगळं कसब ती वेळ न येऊ देण्यात असतं.

ते कसब बघण्यासारखं आहे. निघण्यापूर्वी तो मूठभर बारीक माती हवेत सोडतो, वारा कुठून येतोय ते बघतो. रांग एकेरी, बोलणं बंद, हाताच्या खुणा ठरलेल्या. थांब म्हटलं की थांबायचं, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. जमिनीत मोठं बीळ दिसलं तर त्याच्या तोंडासमोरून जायचं नाही, कारण आर्डवार्क नावाच्या मुंग्याखाऊ जनावरानं खणलेल्या बिळात रानडुकरं मुक्कामाला असतात आणि निघतात ती बंदुकीच्या गोळीसारखी. झुडपातून फिस्स आवाज करत लाल किंवा पिवळ्या चोचीचे ऑक्सपेकर एकदम उडाले, तर गाईड जागीच थिजतो. हे पक्षी जनावरांच्या अंगावरच्या गोचिड्या खातात. ते उडाले म्हणजे खाली कोणीतरी बसलेलं आहे, आणि ते बहुधा रेडाच.

तालेक नदीच्या बाजूचा एक गाईड आहे. लहानपणी तिथेच गुरं राखलेली, नंतर रीतसर परीक्षा दिलेल्या. मी सगळ्यात जास्त चालले ते त्याच्यामागून. सकाळभरात आम्ही मोठं जनावर एखादंच बघितलं असेल, पण पांढरी पडलेली विष्ठा पायानं उलटून तो सांगायचा, तरस, हाडं चावतं ना, त्याचा चुना. शिट्टी वाजवणारी बाभूळ दाखवायचा. तिच्या काट्यांच्या बुडाशी फुगीर गाठी असतात, त्यांत मुंग्या राहतात, मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की ती वाजते. जिराफानं पाला ओढला की मुंग्या त्याच्या तोंडावर तुटून पडतात. लेलेश्वा नावाच्या झुडपाचा पाला चुरगाळून हातात द्यायचा. कापरासारखा वास. मसाई पोरं तो काखेत धरतात. गाडीतून यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

आणखी एक सांगते, मिसेसनाही आवडेल. अंबोसेलीतल्या हत्तींवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मसाई माणसानं अंगावर वापरलेल्या कापडाचा वास आला की हत्ती लांब पळत आणि उंच गवतात शिरेपर्यंत थांबत नसत. शेती करणाऱ्या कांबा माणसाच्या कापडाला ते इतके बिचकत नसत. मसाई तरुण हत्तीवर भाले टाकतात आणि कांबा शेतकरी बहुधा टाकत नाहीत, हा हिशेब हत्तींनी ठेवलेला आहे. तेव्हा तुम्ही मसाई गाईडच्या मागे चालत असता ती नुसती बंदुकीची सोबत नसते.

गाईड निवडताना एक विचारा : केनिया प्रोफेशनल सफारी गाईड्स असोसिएशनची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड यांपैकी कोणती परीक्षा झाली आहे? गोल्डवाले थोडे आहेत. आणि बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कॅम्प पायी नेत नाहीत, काही ठिकाणी ही अट सोळाची आहे. नातवंडं बरोबर असतील तर आधीच ठरवा.

नागपूरहून : ताडोब्याला आमची नेहमीची फेरी असते. आता विल्डबीस्ट हरणांचे कळप नदी ओलांडतात ते बघायचंय. केनिया की टांझानिया? कोणता महिना?

जुलै ते ऑक्टोबर. मारा नदी दोन्ही देशांतून वाहते, त्यामुळे दोन्हीकडून दिसतं. उत्तर सेरेंगेटीत कोगातेंडेच्या बाजूला किंवा मसाई मारात. पण ताडोब्यातला एक धडा इथेही लागू : वाघासारखीच नदीही वेळ देत नाही. कळप काठावर येतो, तासन् तास घुटमळतो, कधी मागे फिरतो. काठावर तोवर गाड्यांची भिंत उभी राहते. मला ते आता बघवत नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला जाऊ नका म्हणायचा अधिकार मला नाही. जा, फक्त मारा नदीच्या पश्चिमेकडच्या बाजूला, ज्याला मारा ट्रँगल म्हणतात, तिथे राहता आलं तर बघा. शिस्त बरी आहे. आणि खर्चाचं : मारा राखीव क्षेत्राचं परदेशी पाहुण्यांसाठीचं शुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. कुटुंब मोठं असेल तर हा आकडा आधी लिहून काढा.

माझी स्वतःची पसंती फेब्रुवारी, दक्षिण सेरेंगेटीतलं न्दुतू. साधारण १३ लाख विल्डबीस्टांपैकी माद्या दोन-तीन आठवड्यांत एकदम वितात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईमागे पळतं. नेमकं तिथेच का, तर ते गवत ज्वालामुखीच्या राखेवर उगवतं. बुटकं असतं, पण त्यात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, दुभत्या माद्यांना लागणारं. बघणारे कमी, चित्ते जास्त.

वाघाची सवय आहे म्हणून आणखी एक. पहिल्या दिवशी ‘आज किती सिंह झाले’ असं मोजाल. दुसऱ्या दिवशीही मोजाल. तिसऱ्या दिवशी उतरा आणि चाला.

साताऱ्याहून एक निवृत्त पशुवैद्य : जनावरं म्हणजे माझ्या दृष्टीनं गुरं. मसाईंची गुरं कोणत्या जातीची? रानटी जनावरांत चरून ती रोगराईत टिकतात कशी?

डॉक्टर, तुमच्या पत्राची मी वाट बघत होते म्हणा ना. सफारीचं कोणतंही माहितीपत्रक काढा, त्यात सिंह असतो, हत्ती असतो, उडी मारणारा मसाई असतो, गाय नसते. आणि त्या मुलखाचं सगळं गणित गाईवर चालतं.

मुख्यतः वशिंडाची लहानखुरी झेबू जनावरं. तुम्हाला परकी वाटणार नाहीत. शिवाय साहिवाल! आपल्या उपखंडातून साहिवालचे वळू केनियात नेले गेले, १९६० च्या दशकात नैवाशाला साहिवालचं राष्ट्रीय पैदास केंद्रच झालं, आणि दुधाला बरी म्हणून मसाईंनी ती आपल्या गुरांत मिसळून घेतली. मारात एखाद्या कळपात तांबूस, लोंबत्या पोळीची गाय दिसली की मी उगाचच तिच्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखी बघत राहायची.

रोगराईचं म्हणाल तर पूर्व आफ्रिकेचा निम्मा इतिहास तुमच्या खात्यातला आहे. बुळकांड्या, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, हा रोग १८८७ च्या सुमाराला एरिट्रियात उतरला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला असं मानतात, आणि ती गुरं भारतातून आली होती असंही बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. काही वर्षांत तो मसाई मुलखात पोचला. बहुतांश गुरं मेली, रानरेडे मेले, विल्डबीस्ट मेले. पाठोपाठ देवी आणि दुष्काळ. मसाई त्या काळाला एमुताई म्हणतात, सगळं पुसून नेणारा काळ. ही माणसं अशी खंगलेली असताना इंग्रजांनी १९०४ आणि १९११ साली त्यांच्याशी करार केले आणि लाइकिपियाची उत्तम कुरणं गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी मोकळी करून घेतली. मसाईंना दक्षिणेकडे हलवलं.

पुढचं आणखी गमतीचं. १९५० च्या दशकापासून गुरांना बुळकांड्याची लस टोचायला लागले. गुरांतला रोग थांबला तसा विल्डबीस्टांतलाही थांबला, म्हणजे रानटी जनावरांना तो गुरांकडून मिळत होता. १९६० च्या सुरुवातीला अडीच-तीन लाख असलेले विल्डबीस्ट १९७० चं दशक संपेपर्यंत १३ लाखांवर गेले. जगभरचे कॅमेरे ज्या कळपांसाठी माराच्या काठावर उभे असतात, ते कळप पशुवैद्यांनी वाढवले आहेत. २०११ साली बुळकांड्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. केनियातला शेवटचा उद्रेक २००१ चा, तोही रानरेड्यांतला.

आता जे रोग आहेत ते मसाई गुराखी तुम्हाला रानातच सांगेल. ईस्ट कोस्ट फीव्हर : तुमच्या ओळखीच्या थायलेरियाचीच आफ्रिकन जात, गोचिडीतून पसरणारी, रानरेड्यांत तिचा साठा असतो. दुसरा विल्डबीस्टांच्या वासरांकडून येतो, मॅलिग्नंट कटाऱ्हल फीव्हर. विल्डबीस्टला काही होत नाही, गाय मात्र वाचत नाही. म्हणून विण्याच्या हंगामात मसाई आपली गुरं उत्तम गवत सोडून डोंगराकडे, हलक्या चाऱ्यावर नेतात. माहीत असलेला माणूस बरोबर असला की ‘इथे गुरं का नाहीत’ या एका प्रश्नावर दोन तास चालता येतं. तुम्ही नक्की जा, आणि गाईडला आधीच सांगा की तुम्ही गुरांचे डॉक्टर आहात. मग तो तुम्हाला सिंह दाखवायच्या आधी आपला गोठा दाखवेल. काटेरी फांद्यांचं गोल कुंपण, मध्ये वासरं. बरोबर स्टेथोस्कोप नेलात तर तुम्हाला परत सोडतील की नाही, शंकाच आहे.

ठाण्याहून : माझी चौदा वर्षांची लेक म्हणते, मसाई गाव बघायला जाणं म्हणजे माणसांचं प्राणिसंग्रहालय. मला तिला उत्तर देता आलं नाही.

द्यायची घाई करू नका, ती बरीचशी बरोबर आहे.

राखीव क्षेत्राच्या प्रवेशद्वारांजवळ पर्यटकांसाठीची गावं आहेत. माणशी पैसे देऊन आत जायचं. स्वागताचा नाच, पुरुषांच्या उभ्या उड्या, लाकडावर लाकूड घासून पेटवलेला विस्तव, एका घरात पाच मिनिटं, मग मण्यांच्या माळांचा बाजार. अर्ध्या-पाऊण तासात गाडीत. काही ठिकाणी पैशातला मोठा वाटा पाहुणे आणणाऱ्या चालकाच्याच खिशात जातो, हेही तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. मला या प्रकारात कधी करमलं नाही. पण त्या बायकांना दुपारच्या विक्रीतून चार शिलिंग मिळतात हेही खरं, म्हणून नाकं मुरडत बसू नये.

दुसरा मार्ग असा. कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पचे बरेच गाईड शेजारच्याच वस्तीतले असतात. पायी फिरून झाल्यावर, संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी, त्याच्या ओळखीच्या घरी जाता येईल का असं विचारा. नाच नसेल. धूळ असेल, माशा असतील, वासरांचा गोंधळ असेल. लेकीला सांगा, ते घर बाईनं बांधलेलं असतं : काटक्यांचा सांगाडा, वरून माती आणि शेणाचा लेप, आणि गळायला लागलं तर छपरावर चढून लिंपायचं तिनंच. धार काढतात ती दुधी भोपळ्याच्या वाळवलेल्या तुंब्यात. आधी रानजैतुनाच्या जळत्या काडीनं तो आतून घासून धुरी देतात, म्हणून दुधाला धुराची चव येते. मला आवडायचं, आमच्या मुलांनी तोंडं वाकडी केली. तिथली लहान मुलं डोकं झुकवून समोर येतील. त्यांच्या डोक्याला हात लावायचा, तो त्यांचा नमस्कार. म्हाताऱ्या माणसासमोर तुमच्या लेकीनंही तसंच करावं.

फोटो विचारूनच काढायचा. मुलांना चॉकलेट, पेनं वाटायची नाहीत. दिली की पुढच्या गाडीमागे ती धावतात. माळ घ्यायची तर जिनं ओवली तिच्या हातात पैसे द्या. रोख नसले तर ती मोबाइल काढेल. एम-पेसा तिथे २००७ पासून आहे, बैलाचे व्यवहारसुद्धा त्यावर होतात. लाल शुका नेसलेला म्हातारा कानाला फोन लावून बाजारभाव विचारत असतो. हे लेकीनं बघितलंच पाहिजे.

आणि प्रश्न फक्त आपणच विचारायचे असं कुठे आहे? एका घरात आजीबाईंनी मला विचारलं, तुझ्या लग्नात तुझ्या बापाला किती गाई मिळाल्या? मी म्हटलं, आमच्याकडे उलट असतं, मुलीच्या बापानं द्यायचं. गाईडनं ते तिला सांगितलं. तिनं त्याला पुन्हा विचारलं, नीट ऐकलंस ना? मग सगळ्या बायका इतक्या हसल्या, की एकीच्या पाठीवरचं पोर जागं झालं. हुंड्यावर मी शाळेत इतकी भाषणं ऐकली, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांच्याकडेही वाद आहेत आणि ते तेच घालतात. मुलींच्या सुंतेवर केनियात २०११ पासून कायद्यानं बंदी आहे, तरी काही ठिकाणी ती चोरून होते, आणि तिच्याविरुद्ध काम करणाऱ्यांत मसाई बायका पुढे आहेत. दुसरीकडे मुलग्यांचे एनकिपाता, एउनोतो आणि ओल्ङेशेर हे तीन संस्कार मागे पडत चाललेत, म्हणून युनेस्कोनं २०१८ साली ते तातडीनं जपायच्या यादीत घातले. एउनोतोत आई आपल्या मुलाचे वाढवलेले केस भादरते आणि त्याचं योद्धेपण संपतं. असा सोहळा बऱ्याच वर्षांनी एकदा होतो. ‘पॅकेजमध्ये एउनोतो’ असं कोणी लिहिलं, तर तो खोटं बोलतोय.

पुण्याहून एक विद्यार्थी : गोरोंगोरोतून मसाईंना हुसकावत आहेत असं वाचलं. मग तिथे जाणं योग्य आहे का?

तू वाचलंस ते खरं आहे. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ चं. १९५९ साली मसाईंना तिथून बाहेर काढलं आणि शेजारी गोरोंगोरोचं ८,२०० चौरस किलोमीटरच्या वरचं क्षेत्र वेगळं केलं. तिथे माणसं, गुरं आणि रानटी जनावरं तिघांनी राहायचं असं ठरलं. १९७० च्या दशकात मसाईंना गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराच्या तळातल्या वस्त्या सोडाव्या लागल्या. १९५९ साली आठेक हजार असलेली या क्षेत्रातली वस्ती आज लाखाच्या घरात आहे, आणि इतकी माणसं नि गुरं या जमिनीला पेलणार नाहीत असं सरकार म्हणतं. २०२२ पासून कुटुंबांना टांगा प्रदेशातल्या म्सोमेरा गावी हलवणं सुरू झालं. सरकार म्हणतं, स्वखुशीनं. राहणारे म्हणतात, दवाखाने आणि शाळांचा पैसा आटवला की खुशी आपोआप येते. त्याच वर्षी जूनमध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलियोंडोत वन्यजीवांसाठी १,५०० चौरस किलोमीटरची हद्द आखताना पोलीस आणि मसाईंची चकमक झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाईंनी गोरोंगोरोच्या रस्त्यावर उतरून निदर्शनं केली.

मला विचारशील तर : कुरणं मसाईंनी राखली म्हणून आज जनावरं आहेत, आणि त्यांनाच अडचण ठरवणं मला पटत नाही. केनियातल्या कॉन्झर्व्हन्सींचा भाड्याचा मार्ग बरा, पण तोही धुतल्या तांदळासारखा नाही. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर आहेत, भाड्याच्या बदल्यात चराईवर बंधनं येतात, आणि कोविडमध्ये पर्यटक आटले तेव्हा भाडंही कमी झालं.

न जाण्यानं त्यांचं काही भलं होईल असं मला दिसत नाही. कसं जातोस ते महत्त्वाचं. तू तरुण आहेस, म्हणून विवराच्या कड्यावरच्या हॉटेलात न राहता उत्तरेची पायवाट धर. नाइनोकानोकापासून बुलाती, तिथून एम्पाकाई, मग खाली नाट्रोन सरोवर. तीन-चार दिवस. रेंजर आणि मसाई वाटाड्या बरोबर, सामान गाढवांवर. गाढवं हाकणारे, स्वयंपाकाला लाकूड आणणारे, सगळे त्याच वस्त्यांतले. पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं असतं. एम्पाकाईच्या विवरात उतरलास तर तळ्याकाठी फ्लेमिंगो दिसतील आणि वर येताना मांड्या बोलतील. कड्यावरून समोर ओल दोइन्यो लेंगाई दिसतो, मसाईंच्या देवाचा डोंगर, २,९६२ मीटर. जगात हा एकच जिवंत ज्वालामुखी असा, की ज्याचा लाव्हा सोड्यासारख्या क्षारांचा असतो. बाहेर येतो काळा आणि काही तासांत-दिवसांत पांढरा पडतो. मग उतरण, आणि दर तासाला अंगातला एक कपडा कमी. नाट्रोनला पोचेपर्यंत भट्टी. पूर्व आफ्रिकेतले लहान जातीचे फ्लेमिंगो त्या खाऱ्या, कातडी जाळणाऱ्या पाण्यात मधोमध घरटी करतात, कारण दुसरं कोणी तिथवर येऊ शकत नाही.

याच संरक्षित क्षेत्रात, दक्षिणेकडे, लेतोली आहे. मेरी लीकी यांच्या चमूला १९७८ साली तिथे राखेत उमटलेली दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं सापडली, साधारण ३६ लाख वर्षांपूर्वीची. तुझा मूळ प्रश्न तिथे कोणाचा हक्क आधीचा असा असेल, तर ही एक जास्तीची भानगड.

डोंबिवली, बार्शी आणि इंदूरहून आलेल्या तीन पत्रांत मिळून : लस, कपडे, सामान, आणि शाकाहारी जेवणाचं काय?

केनियासाठी पिवळ्या तापाची लस घ्या, अधिकृत केंद्रातच, आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी. दाखला त्यानंतरच लागू होतो. तो नसेल तर परतल्यावर भारतात विलगीकरणात बसवतात. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढचे आणि अंड्याची ॲलर्जी असलेले, यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. नाशिकच्या वाचक, हे तुम्हालाही. मारात मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. केनियाला आता व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे आगाऊ प्रवास-परवाना लागतो, ऑनलाइन. पूर्व आफ्रिकेचा एकत्रित व्हिसा केनिया, युगांडा, रवांडा यांना चालतो, टांझानियाला नाही. विम्यात विमानानं दवाखान्यात हलवण्याची सोय आहे का ते बघा. माराहून नैरोबी रुग्णवाहिकेला लांब पडतं.

कपडे मातकट रंगाचे. निळा आणि काळा नको, त्सेत्से माश्या त्यावर येतात. त्यांचे सापळे याच दोन रंगांच्या कापडाचे असतात. लष्करी ठिपक्यांचे तर अजिबात नको, नाक्यावर अडचण होते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं गेलात तर माणशी १५ किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग घेत नाहीत.

जेवणाची काळजी नको. चपाती आणि चहा केनियात घरोघरी आहेत, समोसा सांबुसा होऊन नाक्यानाक्यावर मिळतो, आणि कॅम्पवाल्यांना शाकाहारी, जैन दोन्ही कळतं. फक्त आठवडाभर आधी लेखी कळवा, कारण भाजी नैरोबीहून येते. दशम्या, चटण्या, मेतकूट न्यायचं तर डब्यांत न्या. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आपल्या बॅगेतली प्रत्येक वस्तू पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत असते. त्या मुंबईलाच काढून ठेवा.